मोठा मासा, थोडे पाणी

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात नोव्हेंबर २००५ मध्ये जॉर्जिया अ‍ॅक्वेरियम लोकांसाठी खुले झाले. त्याच्या सर्वांत मोठ्या टाकीत दोन कोटी लिटरहून अधिक खारे पाणी होते आणि त्यात तैवानहून विमानाने आणलेले राल्फ आणि नॉर्टन हे दोन व्हेल शार्क होते. पुढे या टाकीतल्या परजीवींचा बंदोबस्त करण्यासाठी ट्रायक्लोरफॉन हे कीटकनाशक पाण्यात सोडण्यात आले. त्यानंतर या दोघांची भूक मंदावली. राल्फला जबरदस्तीने अन्न भरवावे लागले. तो जानेवारी २००७ मध्ये मेला आणि नॉर्टन त्याच वर्षी जूनमध्ये. औषधामुळेच ते मेले असे निर्विवाद सिद्ध झाले नाही, पण त्या उपचाराचा या घसरणीत वाटा असू शकतो, हे अ‍ॅक्वेरियमच्या जाणकारांनीही नाकारले नाही आणि तो उपचार बंद करण्यात आला. पशुवैद्य होते, प्रयोगशाळा होती, पैशाला तोटा नव्हता. तरीही पाण्यात ओतलेले औषध ज्या जिवांसाठी होते त्यांच्यापुरते राहिले नाही, कारण पाण्यात ओतलेले काहीच तसे राहत नसते. टाकीत औषध घालणे म्हणजे टाकीतल्या प्रत्येक जिवाला, आजारी असो वा निरोगी, दिसणारा असो वा न दिसणारा, एकाच वेळी औषध पाजणे.

घरातली चार फुटी टाकी आणि त्यातला एकुलता ऑस्कर मासा यांचा व्हेल शार्कशी संबंध काय, असे कोणालाही वाटेल. संबंध आहे तो उपचाराच्या सवयीचा. मासा सुस्त झाला, पर मिटून कोपऱ्यात बसला, अंगावर पांढरे काही दिसले, की आपण दुकानात जातो आणि निळ्या, हिरव्या किंवा पिवळ्या द्रवाची बाटली घेऊन येतो. रोग कोणता हे ठरलेले नसते, पाणी तपासलेले नसते, आणि टाकीत पाणी नेमके किती लिटर आहे हेही बहुधा ठाऊक नसते. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच, की मोठ्या माशाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ पाण्याच्या हिशेबात असते. आणि खरोखर औषध लागतेच तेव्हा, ते पाण्यात ओतण्याची गरज लहान माशांपेक्षा मोठ्या माशाला कमी असते.

आधी हिशेब. मासा लांबीने तिप्पट झाला तर वजनाने तिप्पट होत नाही. शरीराची ठेवण तीच राहिली तर तो सुमारे सत्तावीस पट होतो. दुकानातून आणलेला सहा-सात सेंटिमीटरचा ऑस्कर नीट वाढला तर पुढे तीस सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे तो ऐंशी-शंभर पट जड झालेला असतो. टाकी मात्र तीच असते. अर्ध्या किलोच्या अशा माशाला दिवसाला दहा ग्रॅम खाद्य आणि खाद्यात चाळीस टक्के प्रथिने धरू. प्रथिनातला नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. मत्स्यशेतीत वापरल्या जाणाऱ्या ठोकताळ्यानुसार या खाद्यातून दिवसाकाठी सुमारे ०.३७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. चार फुटी टाकीत वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता २०० लिटर पाणी राहत असेल, तर ही दर लिटरमागे सुमारे १.८ मिलिग्रॅमची भर झाली, आणि तीही एकाच दिवसात. हा अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या आम्लतेवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग विषारी वायुरूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच भाग पाच-सहा टक्क्यांवर जातो. म्हणजे एका दिवसाचा साठा दर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम विषारी अमोनियापर्यंत पोचतो, आणि कल्ल्यांना इजा व्हायला ०.०५ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते.

फिल्टरमधले जिवाणू हा अमोनिया खातात म्हणून मासा जगतो. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी पडते, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत राहतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य आहे, पण ते फिल्टरमध्ये अडत नाही, साठतच जाते. आपल्या उदाहरणातल्या टाकीत आठवड्याला दर लिटरमागे पंचावन्न-सत्तावन्न मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडेल. दर आठवड्याला पाव पाणी बदलण्याचा नेम असेल, तर नायट्रेट वाढत वाढत आठवड्याच्या भरीच्या चौपटीवर, म्हणजे दोनशेच्या पलीकडे जाऊन स्थिरावते. अर्धे पाणी बदलले तर ते दुपटीवर थांबते. खरी झाडे असतील किंवा थोडे खाद्य गाळात जात असेल तर आकडे खाली येतील, पण दिशा बदलणार नाही. ‘मी तर नियमाने पाणी बदलतो’ असे म्हणणाऱ्याचा मासाही कसा आजारी पडतो, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. नियम पाळला गेला, पण तो नियम बोटभर माशांसाठी होता.

घाणेरडे पाणी स्वतः मारते त्याहून अधिक वेळा ते दुसऱ्याला दार उघडून देते. एरोमोनास गटाचे जिवाणू गोड्या पाण्यात जवळजवळ सर्वत्र असतात. निरोगी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि त्याची प्रतिकारशक्ती त्यांना रोखून धरते. पाण्यातला ताण महिनोन्‌महिने टिकला की तोच जिवाणू अंगावर व्रण आणतो, पोटात पाणी भरवतो, आणि खवले देवदाराच्या शंकूसारखे उभे राहतात. पांढऱ्या कापसासारखा पुंजका दिसला की आपण त्याला बुरशी म्हणतो, पण उष्ण पाण्यात तो बऱ्याचदा फ्लेवोबॅक्टेरियम कॉलमनेर या जिवाणूचा असतो आणि बुरशीचे औषध त्याला लागू पडेलच असे नाही. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, डिस्कस यांच्या डोक्यावर पडणाऱ्या खड्ड्यांचेही असेच. त्यांचा संबंध स्पायरोन्यूक्लियस या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीशी जोडला जातो, आणि मेट्रोनिडाझोल दिल्यावर काही मासे सुधारतातही. पण हा परजीवी वरकरणी ठणठणीत माशांच्या आतड्यातही सापडतो. म्हणजे तो असणे पुरेसे नाही, त्याला वाव मिळावा लागतो.

समुद्री माशांच्या डोक्यावर आणि पार्श्वरेषेवर होणाऱ्या अशाच झिजेबद्दल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे या विकारासाठी विषाणूंपासून जीवनसत्त्वांच्या अभावापर्यंत अनेकांना दोषी धरले गेले होते. संशोधकांनी सर्जनफिश जातीचे मासे घेतले आणि काही टाक्यांचे पाणी लिग्नाइटपासून बनवलेल्या सक्रिय कोळशातून फिरवले. त्या टाक्यांतल्या माशांना हा विकार जडला. कोळसा न वापरलेल्या टाक्यांतले मासे त्यातून वाचले. मासे तसेच, खाद्य तेच, फरक होता तो पाणी ‘स्वच्छ’ करायला बसवलेल्या सामग्रीत. गोड्या पाण्यातल्या ऑस्करचे खड्डे आणि हा विकार एकच आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण ज्या दुखण्यावर लोक औषधे शोधत होते त्याचे निदान एका प्रकरणात तरी फिल्टरच्या डब्यात सापडले, हे विसरता कामा नये.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो बरोबरही आहे: परजीवी हा परजीवीच. पाणी कितीही निर्मळ ठेवले तरी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आपोआप जात नाही. इक्थिऑफ्थिरियस नावाचा हा एकपेशीय जीव माशाच्या त्वचेखाली शिरून वाढतो. त्या अवस्थेत पाण्यातले कोणतेही नेहमीचे औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण वाढला की तो माशावरून गळून पडतो, तळाशी चिकटून स्वतःभोवती कोष करतो, आणि आत विभागत जाऊन शेकडो पिल्ले पाण्यात सोडतो. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यात हे सारे चक्र आठवडाभरात पुरे होते. म्हणून औषधाचा एकच डोस देऊन थांबणे व्यर्थ आहे, आणि ठिपके दिसेनासे झाले म्हणून थांबणे त्याहून वाईट, कारण ठिपके गेले याचा अर्थ परजीवी मेले असा नसतो. ते माशावरून उतरून तळाशी वाढत असतात. एक दिवसाआड औषध देत, शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा लागतो. म्हणजे इथे औषध हवेच. पण ते कधी, किती दिवस आणि कोणत्या अवस्थेवर, हे कळल्याशिवाय बाटलीचा उपयोग नाही.

पाणी तीस अंशांपर्यंत तापवून हे चक्र घाईला आणण्याचा किंवा रोखण्याचा उपायही सांगितला जातो, आणि लहान माशांत तो बऱ्यापैकी चालतो. मोठ्या माशात मात्र तो जपून वापरावा. वीस अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसात. तापमान वाढले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्याची तो धरून ठेवण्याची ताकद कमी होते. परजीवींनी आधीच कल्ले पोखरलेले असतील आणि त्यात फॉर्मेलिनसारखे प्राणवायू खाणारे औषध पडले, तर रात्रीत मासा जातो, आणि सकाळी आपण रोगाला दोष देतो.

आता मोठ्या माशाच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट, जी दुकानांत क्वचितच सांगितली जाते. गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसे पीत नाही. त्याच्या शरीरातले क्षार बाहेरच्या पाण्याहून जास्त असल्याने पाणी कल्ल्यांतून आपसूक आत येते आणि तो ते भरपूर मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. म्हणून टाकीत विरघळवलेले प्रतिजैविक त्याच्या आतल्या अवयवांपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचेल याची खात्री नसते. ऑक्सिटेट्रासायक्लिन तर कठीण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला जाऊन चिकटते आणि निष्प्रभ होते. दख्खनच्या खडकातल्या बोअरचे पाणी किती कठीण असते हे गीझरच्या कॉइलवर बसलेला थर पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यात ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या पिवळ्या पुडीचा उपयोग पाणी पिवळे करण्यापलीकडे फारसा होत नाही, उलट फिल्टरमधल्या उपकारक जिवाणूंना फटका बसण्याचा धोका राहतो. मग अमोनिया चढतो आणि पहिल्या आजारावर दुसरा बसतो. बोटभर टेट्रांच्या थव्याला पाण्यातून औषध देण्यावाचून गत्यंतर नसते. अर्ध्या किलोच्या माशाचे तसे नाही. त्याचे वजन करता येते, वजनानुसार औषध खाद्यात कालवून देता येते, लवंगतेलासारख्या द्रव्याने बेशुद्ध करून त्याच्या अंगावरचा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, आणि जाणकार पशुवैद्य त्याला इंजेक्शनही देऊ शकतो. ज्याला वैयक्तिक उपचार मिळू शकतो त्याच्यासाठी सगळी टाकी रंगवण्याचे कारण काय?

‘आजारी मासा खातच नाही, मग खाद्यातून औषध कसे देणार?’ हा प्रश्न खरा आहे. याचे उत्तर वेळेत आहे. ऑस्कर किंवा अरोवानासारखा खादाड मासा एक दिवस खाद्याकडे पाठ फिरवतो, कल्ल्यांची उघडझाप वाढवतो, दगडाला अंग घासतो, तेव्हाच पाण्याची तपासणी करायला हवी. अन्न बंद होऊन आठवडा उलटल्यावर हाताशी उरतात ते सारेच उपाय दुबळे असतात. आणि ‘माशांचा डॉक्टर आहे कुठे?’ या तक्रारीतही तथ्य आहे. शहरांतले बहुतेक पाळीव प्राण्यांचे दवाखाने कुत्र्या-मांजरांसाठी असतात. तरी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालये आहेत. तिथे काम मुख्यतः खाण्याच्या माशांवर चालते, पण परजीवी ओळखण्याची विद्या दोन्हीकडे एकच असते, आणि निदान विचारपूस करायला हरकत नसावी.

अंदाजपंचे औषधापेक्षा सुरक्षित अशी एक गोष्ट स्वयंपाकघरातच असते. साधे जाडे मीठ दर लिटरमागे एक ते तीन ग्रॅम विरघळवून घातले तर गोड्या पाण्यातल्या माशाला सतत पाणी उपसण्याचे श्रम कमी होतात, आणि मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरू पाहणाऱ्या नायट्राइटला अडवतो. २०० लिटरला २०० ते ६०० ग्रॅम, तेही दोन-तीन टप्प्यांत आणि झाडे नसलेल्या टाकीत. मीठ हा सर्वरोगहर उपाय नाही, पण निदान होईपर्यंत मासा टिकवण्याचे काम ते बहुतेक बाटल्यांपेक्षा चांगले करते.

‘पाणी बदलले आणि दुसऱ्याच दिवशी मासा मेला’ हा अनुभव अनेकांना येतो आणि तो खोटा नसतो. त्यावरून पाणी बदलणेच घातक ठरवले जाते, आणि इथे निष्कर्ष चुकतो. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातला क्षारपणा खर्च होतो. महिनोन्‌महिने न बदललेल्या पाण्याचा पीएच घसरत सहाच्या खाली जातो, फिल्टरचे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत राहतो. आम्ल पाण्यात तो बिनविषारी रूपात असल्याने मासा कसाबसा तग धरतो. मग एखाद्या रविवारी आपण उत्साहाने अर्धी टाकी उपसून आठ पीएचचे नळाचे पाणी भरतो. साठलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी रूपात येतो. वर महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेट घातलेले नसले तर कल्लेही भाजतात. मासा मरतो तो पाणी बदलल्याने नव्हे, ते फार उशिरा आणि एकदम बदलल्याने. अशा जुन्या टाकीत रोज दहा टक्के पाणी बदलत दोन आठवड्यांत ती ताळ्यावर आणावी.

पाण्याचा प्रश्न नैतिकही आहे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे एका माशासाठी आठवड्याला शंभर लिटर पाणी ओतायचे का? ते पाणी वाया जात नाही, त्यातले नायट्रेट कुंड्यांना आणि परसबागेला खत म्हणून चालते, हे खरे असले तरी पुरेसे उत्तर नाही. माझ्या मते जिथे हे पाणी परवडत नाही तिथे मोठा मासा परवडत नाही. बागेचा युक्तिवाद पुढे करून छोट्या टाकीतला ऑस्कर समर्थनीय ठरत नाही. गप्पी किंवा डॅनिओचा थवा त्याच टाकीत सुखाने राहील.

प्रतिबंधाचा उरलेला भाग कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच टाळला जातो. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशवीत प्रवास करून क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात पोचलेला मासा वाटेत अनेक टाक्यांचे पाणी पिऊन आलेला असतो. त्याला चार आठवडे वेगळे ठेवावे. ‘मोठ्या माशासाठी दुसरी मोठी टाकी कुठून आणू?’ असे विचारणारा विसरतो, की विकत घेताना मासा मोठा नसतो. बोटाएवढा आहे तोवर प्लास्टिकचा पिंप आणि मुख्य टाकीत आधी मुरवलेला स्पंज फिल्टर पुरतो. पण ही सारी काळजी एका सवयीने धुळीला मिळते: अरोवानाला किंवा ऑस्करला खायला घातलेले जिवंत गोल्डफिश. ते स्वस्त असतात, दाटीवाटीने ठेवलेले असतात, त्यांच्या अंगावर नांगरकृमी आणि उवा सर्रास सापडतात, आणि त्यांना कोणीही वेगळे ठेवत नाही. शिवाय गोल्डफिशच्या शरीरातले थायमिनेज हे विकर जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते, त्यामुळे केवळ त्यांच्यावर वाढवलेला मासा हळूहळू कुपोषित होतो. शिकार पाहण्याची हौस यापलीकडे या आहाराच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही. वीज जाणाऱ्या भागात फिल्टरचाही विचार हवा. बंद डब्याच्या फिल्टरमधून काही तास पाणी फिरले नाही तर आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज आल्यावर डब्यात साचलेले कुजके पाणी आधी फेकावे, मग पंप चालू करावा. बॅटरीवर चालणारा एक लहान एअर पंप जवळ असावा.

सर्वांत स्वस्त प्रतिबंध दुकानाच्या दारातच होतो, तो म्हणजे हा मासा पूर्ण वाढल्यावर किती लांब होतो हे विचारणे. दुकानात बोटभर लांबीचा ‘शार्क’ म्हणून मिळणारा मासा हा प्रत्यक्षात बहुधा पंगॅसियस जातीचा नदीतला मासा असतो आणि तो एक मीटरच्या पुढे जातो. लालशेपटी कॅटफिशही तितकाच. सिल्व्हर अरोवाना पाऊण मीटर सहज ओलांडतो. या तिघांना घरगुती टाकीत निरोगी ठेवणे जवळजवळ अशक्य आहे, आणि दुकानदाराने ते विकण्यापूर्वी सांगायला हवे. चूक होऊन मासा घरात आलाच असेल आणि टाकीत मावेनासा झाला असेल, तर तो दुकानाला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. नदीत किंवा तलावात मात्र सोडू नका. आजारी मासा तर मुळीच नको, कारण त्याच्या अंगावरच्या परजीवींना तिथले मासे अनोळखी नसतात.